वर्तुळ, रंग आणि कुंचला : प्रस्तावना

अमूर्त चित्रांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात वर्तुळाच्या वाट्याला अर्थ फार येतात आणि रंग फार थोडा येतो. कॅनव्हासवर गोल दिसला, की बिंदू, शून्य, सूर्य, गर्भ, ब्रह्म अशा संज्ञांची रांग लागते; या संज्ञा आपापल्या जागी योग्यही असतात, परंतु चित्रकाराने त्या गोलाची कड कशी सोडली, आत रंगाचे किती लेप दिले, कुंचला कड धरून फिरवला की आडवा ओढला, आणि गोलाशेजारचा रंग कोणता निवडला, हे प्रश्न त्या गर्दीत मागे पडतात. या मागे पडलेल्या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन असे, की वर्तुळ हा आकार पाहणाऱ्याला आधीच पूर्णपणे ठाऊक असतो, त्यामुळे आकाराच्या बाजूने चित्रकाराला नवे सांगण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही, आणि म्हणूनच चित्राचा सगळा भार रंगावर व कुंचल्यावर येऊन पडतो.

हा विषय पॅरिस किंवा न्यूयॉर्कचा, मुंबई-दिल्लीच्या कलादालनांचा, अशी समजूत असेल तर ती विदर्भातील वाचकाने तरी बाजूला ठेवावी. भारतीय चित्रकलेत वर्तुळाला ज्यांनी सर्वाधिक ओळख मिळवून दिली, ते सय्यद हैदर रझा २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले. त्यांचे वडील वनखात्यात होते. नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचे, चिंतामणीच्या मंदिरासाठी विदर्भभर ओळखले जाणारे कळंब आणि रझांचा जंगलवेढा मंडला ही दोन्ही ठिकाणे त्या काळी नागपूरहून चालणाऱ्या एकाच कारभाराखाली, मध्य प्रांत व वऱ्हाडात होती, आणि रझांचे चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्याच कलाशाळेत झाले. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी हरी अंबादास गाडे हे यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. याच गटाशी पुढे जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. जे. जे. कलाशाळेत दीर्घकाळ अध्यापन करून तिचे अधिष्ठातापद भूषविणारे, तंत्रपरंपरेतील आकृतींचा चित्रांत वापर करणारे शंकर पळशीकर भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे. नागपूरभोवतीच्या या एका पट्ट्यातून रंगाचा इतका कसून विचार करणारे चित्रकार निघाले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यापेक्षा अभ्यासाने तपासण्यासारखी आहे.

‘अमूर्त’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, त्या आरंभीच वेगळ्या केलेल्या बऱ्या. एका प्रकारात चित्रकार डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून निघतो आणि तपशील गाळत गाळत तिचा सारांश उरवतो. गाव, डोंगर किंवा झाड यांची आठवण अशा चित्रात कोठेतरी राहतेच. दुसऱ्या प्रकारात वस्तूपासून निघणेच नसते. रंग, रेषा, पोत म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीत किंवा गुळगुळीत स्पर्श, आणि अवकाश म्हणजे आकारांच्या मधली व भोवतीची जागा, यांच्यातूनच चित्र उभे राहते. गायतोंडे स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करीत, ते याच दुसऱ्या अर्थाने. वर्तुळाची गंमत ही, की ते दोन्ही प्रकारांत चपखल बसते. सूर्य, चंद्र, बी, विहिरीचे तोंड यांचा सारांश काढत गेले तरी वर्तुळच हाती येते, आणि कोणत्याही वस्तूचा विचार न करता कंपास फिरवला तरी वर्तुळच मिळते. म्हणून एखादे वर्तुळ कोणत्या वाटेने आले आहे हे केवळ बाह्यरेषेवरून ठरवता येत नाही. ते ठरवायला रंगलेपनाकडेच जावे लागते.

आकार म्हणून वर्तुळाचे गुणधर्म मोजकेच आहेत. त्याला कोपरा नाही, वर-खाली नाही, सुरुवात आणि शेवट नाही; त्याच्या कडेवरून नजर फिरते, पण कोठे टेकत नाही आणि अखेर मध्याकडे वळते. उलट ज्या कॅनव्हासवर ते रंगवले जाते तो बहुधा चौरस किंवा आयत असतो, त्याला चार कोपरे असतात आणि प्रत्येक कोपरा नजरेला बाहेर ओढतो. आतला गोल आणि बाहेरचा चौकोन यांच्यामधल्या या ओढाताणीत ज्या चार तिरप्या जागा उरतात, त्यांचे काय करायचे, हा वर्तुळाच्या प्रत्येक चित्रकारापुढचा पहिला प्रश्न असतो. त्या सपाट रंगाने भरल्या तर गोल चिकटवल्यासारखा दिसतो. त्यांत फार हालचाल केली तर गोल बुडतो. या प्रश्नाची उत्तरे रंगाच्या भाषेत दिली जातात, आणि त्या भाषेचे काही नियम चित्रकारांच्याही आधी एका रसायनशास्त्रज्ञाने तपासून ठेवले होते.

पॅरिसमधील गोबलँ या गालिचे व चित्रवस्त्रे विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाईची देखरेख करणाऱ्या मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की लोकरीचा काळा रंग निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी फिका पडतो. रंगाई तपासली तेव्हा ती निर्दोष निघाली. दोष होता तो शेजाराचा. कोणताही रंग आपल्या शेजारच्या रंगाला स्वतःच्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हा जो निष्कर्ष शेव्रल यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला, तो समकालिक विरोधाचा नियम म्हणून ओळखला जातो. तांबड्याशेजारचा राखाडी किंचित हिरवट भासतो आणि हिरव्याशेजारचा तोच राखाडी किंचित तांबूस भासतो, याचे कारण हेच. वर्तुळाला चोहोबाजूंनी शेजार असल्यामुळे हा परिणाम त्याच्या संपूर्ण कडेवर एकसारखा घडतो, आणि एकाभोवती एक कडी रंगवली तर प्रत्येक कडे आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांच्या कचाट्यात सापडते. फ्रान्सचे रोबेर दलोने १९१२-१३ च्या सुमारास वर्तुळाकार चित्रांकडे वळले ते शेव्रल यांचा हा नियम मनात धरून. वासिली कांदिन्स्की यांनी बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९२३ साली प्रश्नावली वाटून त्रिकोण, चौकोन व वर्तुळ यांना पिवळा, तांबडा व निळा यांपैकी कोणता रंग शोभतो असे विचारले होते. त्यांच्या स्वतःच्या मते वर्तुळाचा रंग निळा होता. त्यांचे १९२६ चे अनेक वर्तुळांचे चित्र पाहिले, म्हणजे एकावर एक आलेल्या पारदर्शक गोलांतून रंग कसा बदलतो हाच त्याचा खरा विषय असल्याचे ध्यानात येते. अमेरिकेतील केनेथ नोलंड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून लेप न दिलेल्या कोऱ्या कॅनव्हासमध्ये पातळ रंग मुरवून एककेंद्री कडी रंगवली, तेथे रंग कापडावर बसण्याऐवजी कापडाचाच होऊन गेला. जपानमधील झेन परंपरेतले शाईचे वर्तुळ यापेक्षा अगदी निराळे असते. ते एकाच श्वासात, एकाच फटकाऱ्यात काढलेले असते, आणि शाई संपत आल्यावर कुंचल्याचे केस जेथे सुटे होतात ती कोरडी शेपटीही त्या वर्तुळाचा भाग मानली जाते.

वर्तुळाच्या चित्रात कुंचल्याची कसोटी लागते ती कडेवर. कपाळावरच्या कुंकवाचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. मेणाचा ठिपका लावून त्यावर बोटाने दाबलेले पिंजर-कुंकू आणि आयती चिकटवलेली टिकली यांचा आकार व रंग एकच असला तरी, पहिल्याची कड कणाकणाने त्वचेत विरते आणि दुसरीची कड कापल्यासारखी थांबते, त्यामुळे पहिले कपाळाचा भाग वाटते आणि दुसरी कपाळावर ठेवलेली वस्तू वाटते. चित्रातही असेच घडते. धारदार कडेचे वर्तुळ पृष्ठभूमीपासून सुटून पुढे येते. विरलेल्या कडेचे वर्तुळ मागे जाते किंवा आतून उजळल्यासारखे भासते. आणि एकाच वर्तुळाची कड काही ठिकाणी धारदार व काही ठिकाणी विरलेली ठेवली तर तो गोल फिरू लागतो. कड करण्याच्या रीतीही दोन आहेत. एका रीतीत आधी गोल आखून आतून भरत कडेपर्यंत यायचे. दुसऱ्या रीतीत गोल आधी सैल रंगवून मग बाहेरच्या रंगाने त्याला कापत आत यायचे. दुसऱ्या रीतीत बाहेरच्या रंगाची बारीकशी जाड किनार गोलावर चढते, बाजूने प्रकाश पडला की तिची सावली दिसते, आणि त्या किनारीवरून चित्रकाराचा हात कोणत्या दिशेने चालला हे सांगता येते.

हे सर्व ज्या द्रव्यांनी घडते ती विदर्भातल्या घरांना परकी नाहीत. तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची पूड जवसाच्या तेलात घोटून केलेला लगदा. हेच जवस विदर्भात रब्बीला पेरले जाते आणि त्याची चटणी रोजच्या ताटात असते. जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू शोषून त्याचा घट्ट पापुद्रा बनतो, आणि म्हणून तैलरंगाचा लेप कित्येक दिवस ओला राहतो. ओल्यावर ओला रंग चढवून कड विरवण्याची सोय त्यामुळे मिळते, पण लेपावर स्वच्छ दुसरा लेप द्यायचा तर थांबावे लागते. ॲक्रिलिक रंगात पूड कृत्रिम राळेच्या पाण्यातील दुधट द्रवात मिसळलेली असते. पाणी उडाले की तो रंग थोड्याच वेळात सुकतो, एका दिवसात अनेक लेप बसतात, मात्र कड विरवायला वेळ मिळत नाही, कुंचल्याचा फटकारा जसा पडला तसाच राहतो. रंगद्रव्यांचेही तसेच. दिव्याच्या काजळीपासून केलेला काळा थंड, निळसर झाकेचा असतो. जळलेल्या हाडांच्या कोळशाचा काळा ऊबदार, तपकिरी झाकेचा असतो. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्याखेरीज हा फरक कळत नाही. मारुती-गणपतीच्या मूर्तींना तेलात कालवून लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड, आणि जुन्या हस्तलिखितांतील व लघुचित्रांतील नारिंगी-तांबडाही अनेकदा हाच. लेपावर लेप चढून मूर्तीचे नाक-डोळे बुजतात, गोलाई तेवढी उरते आणि रंगालाच जाडी येते, हे ज्याने देवळात पाहिले आहे त्याला रंग हा केवळ पृष्ठभागावरचा देखावा नसून पदार्थ आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर रझांचा प्रवास पाहिला, म्हणजे त्यांच्या बिंदूविषयीची, अर्थात त्यांच्या चित्रांतील वर्तुळाविषयीची, रूढ कथा अपुरी वाटू लागते. शाळेत चंचल असलेल्या मुलाला नंदलाल झारिया नावाच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहायला लावले, ही हकीकत रझांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे आणि ती शंकेचा विषय नाही. परंतु तो ठिपका आणि १९८० च्या सुमारास कॅनव्हासवर ठामपणे प्रकटलेला बिंदू यांच्यात सुमारे अर्धशतक आहे, आणि त्या अर्धशतकात रझा रंगवत होते ते प्रामुख्याने निसर्ग. मुंबईतील रस्ते आणि पावसाळी आकाश त्यांनी जलरंगात सैलपणे रंगवले. १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून त्यांत रचनेचा अभाव असल्याचे सांगितले आणि सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करायला सुचवले. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले, आणि त्यानंतरच्या चित्रांतील गावे काटेकोर, भूमितीने बांधलेली झाली. त्यांतील काही चित्रांत घरांच्या रांगांवर काळा सूर्य लटकलेला दिसतो, म्हणजे वर्तुळ तेव्हाही होते, पण त्याला चित्रात फारसे काम नव्हते. १९५६ साली त्यांना फ्रान्समधील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले बिगरफ्रेंच चित्रकार ठरले.

१९६२ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अध्यापनासाठी गेल्यावर अमेरिकी अमूर्त चित्रकारांचे मोठे कॅनव्हास आणि त्यांवरचे मोकळे रंगक्षेत्र त्यांच्या पाहण्यात आले, आणि पुढच्या काळात ते तैलरंगाकडून ॲक्रिलिककडे वळले. या वळणाचे परिणाम कुंचल्यात स्पष्ट दिसतात. १९६० आणि १९७० च्या दशकांतील ‘ला तेर’, म्हणजे ‘भूमी’, या नावाच्या चित्रांत किंवा १९७२ च्या ‘तपोवन’मध्ये फटकारे तुटक, वेगवान, एकमेकांना छेदणारे आहेत, गडद काळ्या-तपकिरीतून तांबडा व पिवळा मध्येच भडकतो, आणि मंडल्याच्या जंगलातली रात्र ओळखीच्या वस्तूवाचून अंगावर येते. मात्र याच मोकळेपणातून एक अडचण उभी राहिली. सर्वत्र सारख्याच आवेगाने फिरणारा कुंचला नजरेला कोठे थांबू देत नाही, आणि प्रत्येक रंग दुसऱ्यात मिसळत राहिल्याने कोणत्याच रंगाला आपले पूर्ण बळ दाखवता येत नाही. या काळात भारतात पुन्हा पुन्हा येऊन अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पाहणाऱ्या रझांना राजपूत व मध्य भारतातील लघुचित्रांत या अडचणीची सोडवणूक दिसली असावी, असे त्यांच्या पुढच्या रचनांवरून म्हणता येते. त्या लघुचित्रांत चित्रफलक चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकटीत एक रंग निःशंकपणे नांदतो. चौकटीने रंगांना घरे दिली आणि वर्तुळाने नजरेला थांबा दिला. बिंदूचा चित्रातला जन्म अशा चित्रकारी गरजेतून झाला, आणि बालपणीच्या ठिपक्याने व भारतीय तत्त्वविचाराने त्याला नाव व आशय पुरवला, असा क्रम प्रस्तुत विवेचनात मांडला आहे.

१९८१ चे ‘माँ’ आणि १९८३ चे ‘सौराष्ट्र’ ही चित्रे या संधिकाळातली आहेत आणि म्हणूनच ती सर्वाधिक बोलकी आहेत. २०० सेंटिमीटर चौरसाच्या ‘सौराष्ट्र’मध्ये चौकटी आहेत, काळा बिंदू आहे, परंतु चौकटींच्या आत कुंचला अजूनही जुन्याच आवेगात आहे; मातकट तांबडा, गेरू, केशरी यांचे फटकारे चौकटीच्या भिंतींवर आदळून मागे फिरतात. त्या खळबळीशेजारी काळा गोल स्थिर वाटतो, तो काळ्याच्या स्वभावामुळे कमी आणि शेजारच्या रंगांच्या अस्वस्थतेमुळे अधिक. शेव्रल यांच्याकडची तक्रार येथे उलटी लागू होते: निळ्याशेजारी फिका पडणारा काळा तांबड्या-पिवळ्या शेजारात आपली थंड झाक राखून अधिक खोल होतो. रझा पुढे ज्या पाच रंगांना, म्हणजे काळा, पांढरा, तांबडा, पिवळा व निळा यांना, पंचमहाभूतांशी जोडत राहिले, त्या रंगसंचाचे सामर्थ्य प्रतीकांइतकेच या शेजारधर्मातही आहे.

गायतोंडे यांना वर्तुळाचे चित्रकार म्हणता येत नाही, पण त्यांच्याशिवाय रझांच्या कुंचल्याचे मोल पूर्ण कळत नाही. गायतोंडे यांनी कुंचला जवळजवळ दूर केला. रोलर आणि पॅलेट नाइफ म्हणजे रंग खरवडण्याची बोथट पाती यांनी पातळ लेप चढवायचे, काही भाग उचलून घ्यायचे, खालचा लेप वर झिरपू द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यात हाताची दिशा दिसत नाही, रंग आपोआप साचल्यासारखा भासतो, आणि नजर रंगात शिरते तेव्हा तिला कडच सापडत नाही. नागपूरशी नाते असलेल्या या दोन समकालीनांपैकी एकाने रंगाला कड देऊन थांबवले आणि दुसऱ्याने कड काढून घेऊन पसरू दिले; दोघांचाही प्रश्न एकच होता, की आकाराचा आधार कमी करत नेल्यावर रंग कितपत भार पेलतो.

या विवेचनात रझांचा गौरव असला तरी उत्तरकाळातील त्यांची सर्व वर्तुळे एकाच मोलाची मानलेली नाहीत. जसजशा कडा काटेकोर झाल्या, लेप सपाट झाले आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या एककेंद्री कड्यांचा क्रम ठरून गेला, तसतसा कित्येक चित्रांत कुंचल्याला निर्णय घेण्याचा प्रसंगच उरला नाही. त्याचा मोठा फटका अनुकरण करणाऱ्यांना बसला. गोल, चौकट, त्रिकोण आणि देवनागरी अक्षरे एवढी सामग्री उचलली की भारतीय अमूर्त चित्र तयार होते, अशी समजूत त्यातून पसरली. या समजुतीला अर्थप्रधान समीक्षेने खतपाणी घातले, कारण अर्थ आकाराला चिकटवता येतो आणि आकाराची नक्कल करता येते. एखाद्या लेपाखाली कोणता लेप असावा याची नक्कल मात्र सहजी करता येत नाही.

कळंबसारख्या तालुक्याच्या गावी या चित्रांची ओळख होते ती छापील पानावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर, आणि येथे सावधपणा हवा. दोन मीटरचा कॅनव्हास चार बोटांएवढा झाला, की किनारीची जाडी, फटकाऱ्याची दिशा आणि दोन काळ्यांतला फरक हे तिन्ही नाहीसे होतात. उरतो तो नेमका बाह्याकार आणि त्याला जोडलेला अर्थ. मोठ्या पृष्ठावर जो तांबडा पाहणाऱ्याला वेढतो, तो लहान ठिपक्यात केवळ खूण बनतो. अमूर्त चित्रात काही पाहण्यासारखे नसते, ही सर्वत्र आढळणारी तक्रार बरीचशी या प्रतिमांबाबत खरी असते, मूळ चित्रांबाबत नाही. म्हणून पुढील प्रकरणांत चित्रांच्या वर्णनाबरोबर त्यांचे आकारमान, माध्यम आणि पृष्ठभागाची स्थिती यांना अर्थविवरणाच्या आधी स्थान दिले आहे.

वर्तुळाच्या कोणत्याही चित्राची परीक्षा करायला वाचकाला एक साधी कसोटी पुरते. चित्राचे नाव झाकावे, आणि त्यातला एक रंग बदलला आहे किंवा कड धारदार होती ती विरवली आहे, अशी कल्पना करावी. एवढ्याने वर्तुळाचे स्थान, वजन आणि भाव बदलत असतील तर चित्रकाराने तेथे खरोखर काही निश्चित केलेले आहे; आणि कोणताही रंग, कोणतीही कड चालण्यासारखी असेल, तर चित्राखाली कितीही थोर शब्द लिहिलेला असो, रंगवण्याचे काम अजून व्हायचेच आहे.